व्हिडिओ अडकतो कुठं? आधी शोधू, मग खर्च करू



आजचा विषय ऐकून कुणी म्हणेल, हे काय बायांचं काम आहे का? टीव्हीला जोडलेल्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ अडकत अडकत चालतो, तो सुरळीत कसा करायचा, हा आपला आजचा विषय. आमचं म्हणणं असं, की ज्या वस्तूवर गटाचा पैसा लागणार आणि ज्या वस्तूवरून गटाला माहिती मिळणार, ती कुठं बिघडली हे आपल्याला कळलंच पाहिजे. शिलाई मशीनवर दोरा तुटायला लागला तर आपण मशीन विकून टाकतो का? आधी सुई बघतो, बॉबिन बघतो, तेल घालतो. कॉम्प्युटरचंही तसंच आहे.

आधी आमच्या गटात काय घडलं ते सांगतो.

लाल की हिरवा?

आमच्या गटाची बैठक कोषाध्यक्ष ताईंच्या घरी होते. त्यांच्या मुलानं शिक्षणासाठी एक जुना कॉम्प्युटर घेतला होता. मुलगा नोकरीला बाहेरगावी गेला, कॉम्प्युटर घरीच राहिला. ताईंनी तो केबलनं टीव्हीला जोडून घेतला. आता त्यावर सकाळी भजनं लागतात, दुपारी नातवंडांची गाणी चालतात आणि बैठकीच्या दिवशी शेतीचे, आरोग्याचे व्हिडिओ बघतो.

पेरणी आटोपली होती, फवारणीचे दिवस जवळ आले होते. फवारणी करताना काय काळजी घ्यायची याचा व्हिडिओ बैठकीत दाखवायचं आम्ही ठरवलं. आपल्या जिल्ह्यात हा विषय साधा नाही. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं. तेव्हापासून घरचं माणूस पाठीवर पंप घेऊन वावरात गेलं, की ते परत येईपर्यंत बाईचा जीव थाऱ्यावर नसतो.

कृषी सहायक दादांनी गावात प्रात्यक्षिक दाखवलं होतं. गटातल्या एका मुलीनं ते आपल्या नव्या मोबाइलवर शूट केलं होतं. औषधाच्या डब्यावर जो रंगीत त्रिकोण असतो, त्याची चार मोठी कार्डं दादा एकामागून एक दाखवत होते. आधी हिरवं, मग निळं, मग पिवळं आणि शेवटी लाल. हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात कमी विषारी आणि लाल म्हणजे सगळ्यात जहाल.

मोबाइलवर व्हिडिओ अगदी छान चालला. मग तो पेनड्राइव्हवर घेतला, कॉम्प्युटरवर लावला आणि तीस बाया टीव्हीसमोर बसल्या. दोन मिनिटं बरी गेली. मग चित्र थांबायला लागलं. आवाज पुढं जाई, चित्र मागं राही. मधेच चित्र उडी मारून पुढं येई, पुन्हा अडकून बसे. दादांचा आवाज म्हणत होता, "हे औषध सगळ्यात जहाल, याच्यापासून जपा," आणि पडद्यावर अजून हिरवंच कार्ड थांबलेलं होतं.

बैठक संपल्यावर एक मावशी जवळ आल्या. म्हणाल्या, "ताई, आमच्या घरचा डबा त लाल त्रिकोणाचा हाय. म्हणजे ते औषध हलकंच असन ना?"

आमच्या पोटात धस्स झालं. आम्ही त्यांना तिथंच बसवून डब्याचे रंग पुन्हा समजावून सांगितले. पण बाकीच्या एकोणतीस जणी काय समजून घरी गेल्या, हे कुणाला ठाऊक? त्या दिवशी आम्हाला कळलं, की अडकणारा व्हिडिओ म्हणजे नुसती गैरसोय नाही. तो खोटंही बोलू शकतो.

आमच्या तीन चुका

पहिली चूक म्हणजे आम्हाला वाटलं नेट कमी पडतंय. म्हणून मोठा रिचार्ज मारला. व्हिडिओ तर पेनड्राइव्हवर होता! त्याला नेटची गरजच नव्हती. ते पैसे गेले ते गेलेच.

दुसरी चूक अशी, की एका संध्याकाळी आम्ही चार गोष्टी एकदम केल्या. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, काही प्रोग्राम काढून टाकले, केबल बदलली, दुसरा पेनड्राइव्ह आणला. व्हिडिओ थोडा सुधारल्यासारखा वाटला, मग पुन्हा तसाच. चारपैकी कशानं फरक पडला हे कुणालाच सांगता येईना.

तिसरी चूक होता होता राहिली. दुरुस्तीवाल्यानं कॉम्प्युटर उघडूनही न पाहता सांगितलं, "हे जुनं झालं, नवीनच घ्या." खर्च तीस हजारांच्या घरात. गटाच्या निधीतून घ्यायचा का, यावर बैठकीत वाद झाला. एक ताई म्हणाल्या, "तेवढ्यात दोन-तीन शेळ्या येतात." दुसरी म्हणाली, "मग माहिती कशी मिळणार?" दोघींचंही खरं होतं.

शेवटी आमच्या सचिव ताईंनी एक गोष्ट सुचवली. गटात कुणाचा हप्ता थकला तर आपण लगेच तिला दुसरं कर्ज देत नाही. आधी तिच्या घरी जाऊन विचारतो, पैसा अडकला कुठं? कापसाचे पैसे आले नाहीत, की दवाखान्यात गेले, की दुसरीकडे खर्च झाले? अडकलं कुठं हे कळल्याशिवाय उपाय सापडत नाही. कॉम्प्युटरलाही तोच प्रश्न विचारू.

गटातल्या एका ताईंची मुलगी पॉलिटेक्निकला शिकते. ती सुट्टीत घरी आली होती. तिच्याजवळ बसून आम्ही जे शिकलो ते आता तुम्हाला सांगतो.

व्हिडिओ म्हणजे रुईची गाठ

आपण कापसाच्या मुलखातल्या बाया. म्हणून आपल्या भाषेत समजून घेऊ.

जिनमध्ये कापसातून सरकी वेगळी होते, रुई निघते. मोकळी रुई खोलीभर पसरते. म्हणून प्रेसमध्ये दाबून तिची 170 किलोची गाठ बांधतात. गाठ ट्रकमध्ये मावते. पण सूत कातायचं असेल तर ती गाठ पुन्हा उघडावी लागते, पिंजावी लागते.

व्हिडिओचं तसंच आहे. व्हिडिओ म्हणजे एकामागून एक येणारे फोटो, एका सेकंदात साधारण 25 किंवा 30. फुल एचडी फोटोत आडवे 1920 आणि उभे 1080 ठिपके असतात. गुणाकार केला तर 20,73,600 ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला तीन बाइट धरले आणि सेकंदाला 25 फोटो धरले, तर एका सेकंदाला सुमारे 155 एमबी होतात. दहा मिनिटांचा व्हिडिओ 93 जीबीचा होईल. तो साध्या पेनड्राइव्हवर मावणारच नाही. पण आपल्याकडे दहा मिनिटांचा व्हिडिओ दोन-अडीचशे एमबीत येतो. कारण तो दाबून, गाठ बांधून ठेवलेला असतो.

आपण व्हिडिओ लावतो तेव्हा कॉम्प्युटर ही गाठ उघडत असतो, तीही सेकंदाला 25 वेळा, न थांबता. एक फोटो उघडायला त्याच्याकडे सेकंदाचा चाळिसावा नाही, पंचविसावा हिस्सा असतो. तेवढ्या वेळात फोटो उघडून झाला नाही, की कॉम्प्युटर तो फोटो सोडून देतो किंवा मागं राहतो. आपण म्हणतो, व्हिडिओ अडकला.

आता महत्त्वाची गोष्ट. गाठ बांधायच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. एक पद्धत आहे एच 264. ती 2003 मध्ये आली आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या जवळजवळ प्रत्येक कॉम्प्युटरला, मोबाइलला, टीव्हीला ती जमते. दुसरी आहे एच 265, तिलाच एचईव्हीसी म्हणतात. ती 2013 मध्ये आली. ती गाठ आणखी घट्ट बांधते, त्यामुळे फाइल लहान होते. पण घट्ट गाठ उघडायला मेहनत जास्त लागते.

ती मेहनत कमी व्हावी म्हणून चिपमध्ये गाठ उघडायचं एक वेगळं यंत्रच बसवलेलं असतं. पण ते यंत्र ज्या पद्धतीसाठी बनलं, तेवढ्याच गाठी उघडतं. आमच्या जुन्या कॉम्प्युटरला एच 264 चं यंत्र आहे, एच 265 चं नाही. मग एच 265 ची गाठ आली की मुख्य प्रोसेसरला ती हातानं उघडत बसावी लागते. इतक्या वेगानं हात चालत नाहीत.

एवढासा मोबाइल जो व्हिडिओ चालवतो, तो एवढा मोठा कॉम्प्युटर का चालवत नाही, या कोड्याचं उत्तर हेच. मोबाइल नवा आहे, त्याच्यात नवीन यंत्र आहे. आकारावर काही नसतं.

अडकायच्या चार जागा

गाठ उघडून टीव्हीवर चित्र येईपर्यंत अडकायच्या मुख्य जागा चार. जिनच्याच भाषेत सांगतो. माल येण्याचा रस्ता, माल ठेवायचं गोदाम, गाठ उघडणारा कामगार आणि कामगाराला लागणारं ऊन. म्हणजेच नेट, पेनड्राइव्ह किंवा डिस्क, प्रोसेसर आणि उष्णता. प्रत्येकाची खूण वेगळी आहे.

पहिली जागा, नेट. व्हिडिओ ऑनलाइन असेल आणि पडद्यावर गोल चक्र फिरत असेल, तर रस्त्यावर माल अडकला आहे. खात्री करायची असेल तर यूट्यूबच्या व्हिडिओवर माउसचं उजवं बटण दाबा आणि 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' निवडा. एक काळी चौकट उघडते. तिच्यात 'बफर हेल्थ' समोर सेकंद दिसतात. तो आकडा शून्याकडे जात असेल तर नेट कमी पडतंय. तो आकडा भरपूर असेल आणि 'ड्रॉप्ड फ्रेम्स' वाढत असतील, तर माल आलेला आहे, कॉम्प्युटरला तो उघडणं होत नाही. अशा वेळी मोठा रिचार्ज मारून उपयोग नाही.

दुसरी जागा, पेनड्राइव्ह. चित्र आणि आवाज दोन्ही एकदम थांबतात, पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकत राहतो आणि मग दोन्ही एकदम सुरू होतात, ही त्याची खूण. परीक्षा सोपी आहे. व्हिडिओ पेनड्राइव्हवरून डेस्कटॉपवर कॉपी करा आणि तिथून लावा. सुरळीत चालला तर दोष पेनड्राइव्हचा किंवा त्या खाचेचा.

तिसरी जागा, प्रोसेसर. आवाज नीट चालतो, पण चित्र मागं राहतं किंवा उड्या मारतं. आमचं हेच होतं. परीक्षा अशी. व्हिडिओ चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. तिथं सीपीयूच्या खाली टक्के दिसतात. व्हिडिओ चालताना ते नव्वद-शंभरवर चिकटून बसले असतील तर कामगार थकला आहे. नावांच्या यादीत बघा. व्हिडिओ प्लेअरच सगळं खातोय, की मागं दुसरंच काही चालू आहे? कधी कधी विंडोज अपडेट किंवा व्हायरसची तपासणी चालू असते. ते संपेपर्यंत थांबलं तरी पुरतं.

चौथी जागा, उष्णता. सुरुवातीला व्हिडिओ छान चालतो आणि दहा-पंधरा मिनिटांनी रखडायला लागतो. कॉम्प्युटर बंद ठेवून थंड केला की पुन्हा तेवढाच वेळ छान चालतो. ही गरम होण्याची खूण. चिप जास्त तापली की जळू नये म्हणून ती आपला वेग स्वतःच कमी करते. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 44-45 अंशांवर जातो. त्यात टिनाची खोली, त्यात पंख्याच्या जाळीत अडकलेली धूळ आणि कापसाचे तंतू. मग बिचारा कॉम्प्युटर काय करील?

आम्ही काय केलं

या वेळी आम्ही वहीत लिहून, एका वेळी एकच बदल केला. प्रत्येक बदलानंतर तोच व्हिडिओ, त्याच जागेपासून दोन मिनिटं लावला. आमच्या ताईंनी वहीत तीन रकाने पाडले. काय बदललं, सीपीयू किती टक्के, चित्र कसं.

आधी व्हिडिओ डेस्कटॉपवर कॉपी करून लावला. फरक नाही. म्हणजे पेनड्राइव्ह निर्दोष. मागचे सगळे प्रोग्राम बंद केले. सीपीयू तरी शंभरच. मग गाठ कोणती ते पाहिलं. आम्ही व्हीएलसी नावाचा प्लेअर वापरतो. तो फुकट मिळतो. पॅरिसच्या एका कॉलेजमधल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून तो पुढं आला. व्हिडिओ चालू असताना कंट्रोल आणि जे दाबलं की व्हिडिओची जन्मपत्रिका उघडते. 'कोडेक' समोर लिहिलं होतं एचईव्हीसी, एच 265. खाली आकार 3840 बाय 2160, म्हणजे फोर के. आणि सेकंदाला फोटो 60.

हिशोब करा. फोर केमध्ये 82,94,400 ठिपके, म्हणजे फुल एचडीच्या चौपट. त्यात सेकंदाला 25 ऐवजी 60 फोटो. वरून गाठ घट्ट. आणि कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर चौथ्या पिढीचा. हे कसं कळलं तेही सांगतो. इंटेलच्या प्रोसेसरचं नाव आय थ्री, मग एक आडवी रेघ आणि पुढं आकडे असं असतं. जुन्या प्रोसेसरमध्ये त्या चार आकड्यांतला पहिला आकडा म्हणजे पिढी. आमचा चारपासून सुरू होत होता. एच 265 ची साधी गाठ उघडणारं यंत्र इंटेलनं 2015 मधल्या सहाव्या पिढीपासून दिलं. म्हणजे दोष कॉम्प्युटरचा नव्हता, व्हिडिओचाही नव्हता. दोघांची जोडी जमत नव्हती.

मग व्हीएलसीची एक सेटिंग पाहिली. कंट्रोल आणि पी दाबून, 'इनपुट कोडेक्स' मध्ये 'हार्डवेअर ॲक्सिलरेटेड डिकोडिंग' असतं. ते बंद असेल तर चिपमधलं यंत्र असूनही वापरलं जात नाही. तिथं 'ऑटोमॅटिक' करायचं. आमच्याकडे ते आधीच तसं होतं, म्हणून फरक पडला नाही. पण दुसऱ्या गावातल्या एका ताईंच्या कॉम्प्युटरवर एवढ्यानंच काम झालं, म्हणून सांगून ठेवतो.

शेवटचा उपाय, गाठ बदलून घेणं. त्यासाठी हँडब्रेक नावाचा फुकट प्रोग्राम आहे. त्याच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच घ्यायचा, भलत्या ठिकाणाहून नाही. त्यात व्हिडिओ उघडायचा, 'प्रीसेट' मध्ये 'फास्ट 720पी30' निवडायचं आणि 'स्टार्ट एन्कोड' दाबायचं. मूळ व्हिडिओ जसाच्या तसा राहतो. शेजारी एक नवी फाइल तयार होते, एच 264 ची, 1280 बाय 720 ची, सेकंदाला जास्तीत जास्त 30 फोटोंची. ठिपक्यांचा हिशोब केला तर काम अठरा पटीनं कमी.

आमचा बारा मिनिटांचा व्हिडिओ बदलायला जवळजवळ एक तास लागला. लाइट जाण्याची वेळ चुकवून करा, मधेच लाइट गेली तर पहिल्यापासून करावं लागतं. नवी फाइल लावली. सीपीयू पंधरा-वीस टक्क्यांवर आला. चित्र पाण्यासारखं चाललं. बत्तीस इंची टीव्हीवर दहा फुटांवरून बघताना फोर के आणि 720 मधला फरक आमच्यापैकी कुणालाही ओळखता आला नाही.

खर्च? शून्य. तीस हजार गटात राहिले.

पुढं त्रास होऊ नये म्हणून

जिथून व्हिडिओ येतो तिथंच काळजी घेतली तर बदलत बसावं लागत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'हाय एफिशियन्सी' किंवा एचईव्हीसी असं असेल तर बैठकीसाठी शूट करताना ते बंद ठेवा. आकार 1080 किंवा 720, फोटो सेकंदाला 30. फोर के आणि 60 लग्नासाठी राहू द्या.

यूट्यूबवर दातेरी चक्राच्या खुणेवर दाबून क्वालिटी 480 किंवा 720 वर आणा. जुन्या कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये बाकीच्या खिडक्या बंद ठेवा.

लॅपटॉप असेल तर तो चार्जरला लावूनच दाखवा. बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगमध्ये तो मुद्दाम हळू चालतो. आणि लॅपटॉप गोधडीवर, उशीवर ठेवू नका, खालची हवेची वाट बंद होते. पाटावर ठेवा.

धूळ काढायची तर आधी बंद करून प्लग काढा. ओला फडका नको. मऊ, कोरडा ब्रश घ्या. पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा आणि हळूच झटका. ब्लोअर वापरला तर दुरून मारा, पंखा गरगर फिरू देऊ नका. कॉम्प्युटर भिंतीपासून वीतभर पुढं ओढा. धूळ बसू नये म्हणून घातलेलं प्लास्टिकचं कव्हर कॉम्प्युटर चालू करायच्या आधी काढा. आमच्याकडे भरतकाम केलेलं कव्हर वर्षभर चालू कॉम्प्युटरवरच होतं!

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. प्रत्येक वेळी फुकटात भागेल असं नाही. डिस्क खराब होत असेल, कॉम्प्युटर एच 264 चा लहान व्हिडिओही चालवत नसेल, चालता चालता बंद पडत असेल, तर दुरुस्ती किंवा बदल करावाच लागतो. पण तेव्हा दुकानात जाताना वही सोबत न्या. "अमुक अमुक करून पाहिलं, सीपीयू इतका, डिस्क इतकी," असं सांगितलं की समोरचाही विचार करून बोलतो. आणि अगदीच अडलं तर पाच-सहा जणींचा घोळका करून मोबाइलवरच दाखवा. माहिती पोचली पाहिजे, टीव्ही महत्त्वाचा नाही.

पुन्हा तीच बैठक

आठ दिवसांनी आम्ही सगळ्यांना पुन्हा बोलावलं. काही जणी कुरकुरल्या, "पाह्यलाच हाय ना तो व्हिडिओ, निंदण सोडून कायले यायचं?" आम्ही स्पष्ट सांगितलं, की मागच्या वेळी चित्र आणि आवाज जुळत नव्हते, आमच्याकडून चुकीची माहिती गेली असेल, म्हणून या. पंचवीस जणी आल्या. उरलेल्या पाच जणींच्या घरी आम्ही मोबाइल घेऊन गेलो.

या वेळी लाल कार्ड वर आलं तेव्हाच दादांचा आवाज म्हणाला, "सगळ्यात जहाल." खोलीत कुणी बोललं नाही. त्या मावशी उठून घरी गेल्या आणि पिशवीत गुंडाळून डबा घेऊन आल्या. डबा आम्ही अंगणातच ठेवायला लावला. लाल त्रिकोण, वर कवटी. तो आजवर त्यांच्या सैपाकघरातल्या फळीवर, तेलाच्या बरणीशेजारी होता. त्याच संध्याकाळी तो गोठ्याकडच्या कुलुपाच्या पेटीत गेला.

म्हणून भगिनींनो, व्हिडिओ अडकला तर दोन कामं लक्षात ठेवा. पहिलं, अडकलं कुठं ते शोधा. चक्र फिरतं का, आवाज आणि चित्र दोन्ही थांबतात का, नुसतं चित्र मागं राहतं का, की तापल्यावर रखडतं. एका वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहा. दुसरं काम त्याहून मोठं आहे. अडकलेला व्हिडिओ बघून कुणी घरी गेली असेल, तर तिला परत बोलवा आणि काय समजलं ते तिच्या तोंडून ऐका. कॉम्प्युटर दुरुस्त झाला म्हणजे तिचा समज दुरुस्त होत नाही, तो आपल्यालाच करावा लागतो.

आणि हो, हिरवा त्रिकोण असला तरी ते औषधच आहे. हातमोजे, तोंडाला मास्क, वाऱ्याच्या दिशेनं फवारणी आणि घरी आल्यावर साबणानं आंघोळ, यात सूट नाही.

तुमच्या गावात असं काही अडलं असेल, तुम्ही काही उपाय केला असेल, तर पुढच्या बैठकीत जरूर सांगा. आमच्या वहीत अजून पुष्कळ पानं कोरी आहेत.